हत्ती ऐकणारा फोन

“…मग हा नेमका हत्ती येतानाच का मरतो, बुवा?”

यज्ञेशने फोन मठाच्या ओट्यावर जवळजवळ आपटलाच.

मठातले म्हातारे गिरीबुवा सुपारी कातरत होते. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग यज्ञेशकडे.

“त्यालाच विचारलंस का?”

“विचारून विचारून थकलो!”

ते खोटं नव्हतं. यज्ञेश गवस परदेशात शिकला आणि परतला तो गावासाठी काहीतरी करायचंच, असा पण करून. हा जुना फोन त्याने रूट केला. म्हणजे कंपनीने घातलेली कुलपं तोडून फोनचा सगळा कारभार आपल्या हाती घेतला. जंगलाच्या कडेला झाडावर माइक बांधला, त्याची वायर मठापर्यंत ओढली. बांबू मोडला, हत्ती घुमला, की फोनने तो आवाज ओळखायचा आणि साऱ्या वाडीचे फोन वाजवायचे. फटाके नकोत, जाळ नको. माणसं सुखरूप, हत्तीही सुखरूप.

बेत झकास होता. पण परवा हत्ती थेट पार्वतीकाकूंच्या मागीलदारी येऊन केळी ओरबाडून गेला आणि फोनने हूं की चूं केलं नाही. काकू नेमक्या घरात होत्या म्हणून वाचल्या. वाडीने यज्ञेशला ठणकावून सांगितलं होतं : आज पुन्हा चुकला, तर उद्यापासून फटाके.

“माझ्या शब्दाबाहेर नाही तो,” यज्ञेश म्हणाला. “शिवाय त्याच्यावर राखणदार बसवलाय.”

“नारळ दिलास का त्याला?”

“गाव राखणारा देव नव्हे हो, माझा राखणदार! छोटासा प्रोग्राम आहे. फोन जरा गप्प पडला की राखणदार समजतो, हा अडकला. लगेच बंद करून पुन्हा सुरू करतो. एवढं करूनही मरतो! सांगा, का?”

बुवांनी हातातलं काम थांबवलं. मान किंचित कलती केली. डोळे मिटले.

…

“बुवा?”

…

“बुवा, बरं वाटत नाहीये का?” यज्ञेशने त्यांचा खांदा गदागदा हलवला.

बुवा दचकले. “ऐकत होतो रे.”

“मग उत्तर?”

“जुळत आलं होतं. विसकटलंस. आता पुन्हा पहिल्यापासून.”

डोळे पुन्हा मिटले.

…

तिन्हीसांजा झाल्या होत्या. खाली वाडीत कुणीतरी गुरं बांधत होतं. यज्ञेशची चुळबुळ सुरू झाली. म्हातारा झोपला बहुतेक…

“बुवा!” त्याने पुन्हा हलवलं.

“अरे मेल्या!” बुवा डाफरले. “परत पहिल्यापासून!”

त्याच क्षणी ओट्यावरचा फोन काळा झाला. मग कंपनीचं चिन्ह झळकलं. फोन पहिल्यापासून सुरू होत होता.

यज्ञेशचा हात बुवांच्या खांद्यावर तसाच राहिला.

“तो मरत नाही…” तो हळूच म्हणाला. “जुना आहे. हत्तीचा आवाज ओळखायला लागला की बाकी सगळं सोडून गप्प होतो. आणि गप्प झाला की मीच त्याला…”

बुवांचे डोळे मिटलेलेच.

यज्ञेशने फोन उचलला आणि स्वतःच्या हाताने बसवलेला राखणदार काढून टाकला. कायमचा.

फोन सुरू झाला. थोडा वेळ नीट चालला. मग अडकला. पडद्यावरच्या घड्याळाचा आकडाही हलेना.

यज्ञेशची बोटं शिवशिवली. एक बटण दाबलं की पुरे… खाली वाडी पसरली होती. काकूंचं मागीलदार उघडं दिसत होतं.

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

…

…

फोन कर्कश वाजला. पाठोपाठ खाली एक, मग दुसरा, मग सारी वाडी घणघणली.

“गो पार्वती, दार लाव! पोरांका भितर घे!”

दारं धडाधड लागली. ओढ्यापलीकडे बांबू कडाडला. एक भलीमोठी काळी पाठ झाडीतून पुढे आली, काठाशी थांबली. त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, कुणी काही फेकलं नाही. बऱ्याच वेळाने ती पाठ सावकाश वळली आणि रानात दिसेनाशी झाली.

“बोलला!” यज्ञेश नाचायचाच काय तो बाकी होता. “बुवा, बोलला तो!”

“एकटाच होता,” बुवा डोळे उघडत म्हणाले. “पाण्याला आला होता.”

यज्ञेश चमकला.

“म्हणजे मघापासून तुम्हीही… हत्तीलाच ऐकत होतात? मग सांगितलं का नाहीत?”

“तू सारखा विचारत होतास.”