रफूवालीच्या दारातली गर्दी

कापसाचा भाव कोसळला आणि रत्नखेडच्या पेठेत दुकानदार माशा मारत बसले. दिवाण भास्करपंतांना मात्र हे सगळं ढोंग वाटे. दुकानपट्टी दुप्पट करायचा त्यांनी घाट घातला आणि सही घेण्याआधी ते राजेसाहेबांना पेठ दाखवायला घेऊन आले.

हाजराबी रफूवालीच्या दारात ही एवढी गर्दी होती.

"पाहा सरकार," दिवाण म्हणाले, "म्हणे मंदी आहे. इथे उभं राहायला जागा नाही."

हाजराबीची सुई थांबली. पट्टी वाढली तर अर्ध्या पेठेला कुलपं लागतील, हे तिला ठाऊक होतं. ती पदर सावरून उठली.

"पंत, वैद्याच्या दारात रांग लागली, तर गाव धडधाकट आहे असं म्हणायचं का?"

"कोडी नकोत. सरळ बोल."

"सरळच सांगते. ज्याला नवं परवडतं तो कापडवाल्याकडे जातो, ज्याला परवडत नाही तो माझ्याकडे येतो. समोर कापडवाला जांभया देतोय, त्याचीच गिऱ्हाइकं ही. माझं दुकान ओस पडेल, त्या दिवशी खुशाल पट्टी वाढवा."

दिवाण हसले. "गरिबांची लुगडी कधी फाटकी नव्हती?"

"नुसत्या गरिबांची असती तर मी गप्प बसले असते." तिने गाठोड्यातून एक जरीकाठी उपरणं काढलं. "हे काल तुमच्याच घरून आलंय, पंत. तिसऱ्यांदा."

रांगेत खसखस पिकली. राजेसाहेबांनी दिवाणांच्या हातातला पट्टीचा कागद घेतला आणि उभा फाडला.

"हाजराबी," ते म्हणाले, "हा कागद तेवढा रफू करू नकोस."