पोपटी परकराच्या चुंबळी

एक होती वाडी. एवढुशी, डोंगरांच्या ओंजळीत मावेल एवढी. भोवती हिरवंगार रान, आणि रानात जांभळी, पिवळी, पांढरीशुभ्र फुलंच फुलं. पण फुलांनी काही पोट भरत नाही, बाळांनो. त्या वाडीत बकुळा नावाची चिमुरडी राहायची, आणि तिची आई हौसा.

बकुळाचे बाबा होते तेव्हा रोज सकाळी मोटरसायकलला दोन्हीकडे किटल्या लावायचे आणि वाडीतल्या म्हशींचं दूध ओढ्यापलीकडच्या डेअरीत पोचवायचे. बाबा देवाघरी गेले आणि गाडी पडवीत धूळ खात उभी राहिली. घरात भाकरी असली तर कालवण नसायचं, कालवण असलं तर भाकरी नसायची. शेवटी हौसानं पदर खोचला. ती डेअरीच्या यमुनाताईंकडे गेली आणि म्हणाली, दूध आता मी आणते. यमुनाताई मनानं चांगल्या, पण बोलायला रोखठोक. त्यांनी सांगितलं, शनिवारी गाडीवर दूध घेऊन ये, सर्जाही आणणार आहे. धड आलीस तर काम तुझं, नाहीतर सर्जाचं.

हा सर्जा त्याच वाडीतला. गाडी लालभडक, नवीकोरी, आणि तोही हौसासारखाच शिकाऊ. पण मिशीला पीळ असा, की जणू गाडीवरच जन्माला आला.

हौसा माळावर गाडी शिकू लागली. शिकू लागली म्हणजे पडू लागली! शिकणारा पडायचाच, त्यात लाज कसली? पण पडायची हौसा आणि मोडायची गाडी. एकदा आरसा फुटला. एकदा पाय ठेवायचा दांडा वाकला. मग एके दिवशी हँडलजवळची क्लचची दांडी कट्टकन तुटली. बाबांनी जपून ठेवलेली एकच जादा दांडी होती, ती बसवली. आता हीसुद्धा मोडली, तर गाडी जायची भंगारात आणि काम जायचं सर्जाकडे.

वाडीतल्या बायांनी आपल्या परीनं उपाय केले. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लिंबू-मिरचीची माळ बांधली ती नेमकी क्लचच्याच दांडीला. हौसाची बोटं मिरच्यांत अडकली आणि गाडी पुन्हा आडवी. लिंबाचा रस निघाला, गाडीचं भलं काही झालं नाही.

बकुळाला फार वाईट वाटलं. दुपारी ती रानातल्या झऱ्यावर पाण्याला गेली आणि कळशी बाजूला ठेवून मुसमुसून रडली. तेवढ्यात वरून काहीतरी धप्पकन पडलं.

काय असेल? टाकळ्याच्या पिवळ्याधमक फुलांत एक परी पडली होती! वीतभर उंच, गुलबक्षी रंगाचा झगा, केसांत दवाचे टपोरे थेंब, आणि पंख तर असे झुळझुळीत की ऊन लागलं की निळे, सावली आली की जांभळे. पण गंमत म्हणजे तिच्या पंखांच्या टोकांना आणि इवल्या इवल्या कोपरांना सावरीच्या कापसाचे गोंडे बांधले होते.

बकुळा डोळे पुसून धावली. तिनं परीला अलगद उचललं, तळपायात रुतलेला काटा काढला आणि पानाच्या द्रोणात पाणी दिलं. गोंडे कशाला, म्हणून हळूच विचारलं.

परी हसली, तसा गवतावर चांदीचा चुरा सांडला. ती म्हणाली, "मी अजून शिकतेय ना उडायला. दिवसातून दहादा पडते. पंख मोडू नयेत म्हणून आईनं बांधलेत."

काटा काढल्याबद्दल तिनं बकुळाला एक वर देऊ केला. आई गाडीवरून कधीच पडू नये, असं बकुळा म्हणणार होती, पण परीनं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. तो वर कुणाकडेच नसतो, अगदी परीराणीकडेसुद्धा नाही. मग बकुळानं विचार केला आणि म्हणाली, "आई पडली तरी गाडी मोडू नये."

परीनं टाळी वाजवली. असा वर देता येतो म्हणाली, पण त्याला अटी होत्या. डोक्यावरच्या कळशीखाली ठेवतात तशा घट्ट चुंबळी बकुळानं स्वतःच्या हातानं वळायच्या. कापड तिच्या आवडीचं हवं. "आणि पहिल्यांदा जो कुणी मागायला येईल, त्याला नाही म्हणायचं नाही. म्हटलंस, तर जादू गेली."

बकुळाचं आवडतं कापड एकच होतं, मावशीनं दसऱ्याला दिलेला पोपटी परकर. त्याला सोनेरी काठ होता आणि गिरकी घेतली की तो मोरासारखा फुलायचा. बकुळानं तो एकदा गालाला लावला आणि टर्रकन फाडला. तिला चुंबळी वळता येत होत्या त्या मात्र अशा, की डोक्यावर दोन कळशा ठेवून ओढा ओलांडावा आणि थेंब सांडू नये. परीनं एकेका चुंबळीवर फुंकर घातली. हिरव्या-सोनेरी ठिणग्या लखलखल्या आणि कापडात विरून गेल्या.

बकुळानं घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि मायलेकींनी त्या गाडीला बांधल्या. हँडलच्या दोन्ही टोकांना, इंजिनापुढच्या लोखंडी गार्डाला दोन्हीकडे, पाय ठेवायच्या दांड्यांना, थोडक्यात जिथे जिथे गाडी भुई गाठते तिथे. बकुळानं उत्साहाच्या भरात एक सायलेन्सरलाही बांधली. दोन मिनिटांत धूर! हौसानं पाण्याचा तांब्या ओतला आणि म्हणाली, बाई गं, गाडी राखायची आहे, भाजायची नाही. क्लचच्या दांडीचा स्क्रू मात्र तिनं किंचित सैल केला, म्हणजे मार बसला तर दांडी जागच्या जागी फिरेल, तुटणार नाही.

आणि काय सांगू! त्या दिवशी हौसा तीनदा पडली आणि तिन्ही वेळा गाडी गादीवर लोळावी तशी लोळली. ओरखडासुद्धा नाही. बकुळा माळभर नाचली.

शुक्रवारी सकाळी सर्जा आला. इकडे तिकडे बघत, हळूच. तोही आदल्या दिवशी पडला होता आणि लालभडक टाकीला पोचा आला होता. या चुंबळींतल्या थोड्या मला देशील का, असं त्यानं विचारलं.

बकुळानं गाडीकडे पाहिलं. सर्जादादाला दिल्या आणि तोच धड पोचला तर? परकराची चिंधीसुद्धा उरली नव्हती. पण शब्द तो शब्द. तिनं गाडीच्या उजव्या बाजूच्या सगळ्या चुंबळी सोडल्या, त्याच्या हातात दिल्या आणि सायलेन्सरला बांधू नकोस, हेही सांगितलं. मग आत जाऊन धान्याच्या कणगीमागे रडत बसली.

हौसानं तिला शोधून काढलं. ती रागावली नाही. जुनी गोधडी आणि गोणपाट तिनं पुढ्यात टाकलं. "दिल्यास ना? चांगलं केलंस. आता रडू नकोस, वळ."

बकुळानं वळल्या. बोटं लाल होईपर्यंत पीळ दिला, दाबून पाहिलं, सैल वाटली ती सोडून पुन्हा वळली. या चुंबळींवर फुंकर घालायला परी नव्हती. डावीकडे पोपटी झगमग आणि उजवीकडे मळकट गोणपाट, अशी ती गाडी सजली.

शनिवार उजाडला. हौसानं किटल्यांची झाकणं घट्ट बांधली, किटल्यांनाही चुंबळी घातल्या आणि देवाचं नाव घेऊन निघाली. बकुळा पायवाटेनं धावत पुढे ओढ्यावर जाऊन उभी राहिली. तिथं बघते तर सर्जा काठावर डोकं धरून बसलेला! त्याची गाडी शेवाळावरून घसरली होती. क्लचची दांडी तुटलेली, हँडलला सात लिंबांची माळ, आणि पोपटी चुंबळी? त्या त्याच्या खिशात. परकराच्या चिंध्या बांधल्या तर लोक हसतील, असं त्याला वाटलं होतं. घ्या!

एवढ्यात हौसा आली. शेवाळ पाहून तिनं वेग कमी केला. पुढचं चाक पाण्यात शिरलं, मागचं घसरलं आणि गाडी कलली. कुठे कलली? उजवीकडे! बकुळानं डोळे गच्च मिटले.

धप्प.

नुसतं धप्प. खळ्ळ नाही, कट्ट नाही. बकुळानं एक डोळा उघडला. गाडी गोणपाटावर टेकली होती. उरलेला आरसा शाबूत, दांडी शाबूत, किटल्यांची झाकणं जशीच्या तशी. हौसा गुडघा चोळत उठली. सर्जा धावला, दोघांनी गाडी उभी केली. पहिल्याच किकला ती सुरू झाली.

हौसा म्हणाली, "सर्जा, तुझ्या किटल्या इथंच सावलीत ठेव. दुसऱ्या खेपेला येऊन नेते. वाडीचं दूध आहे, नासून कसं चालेल?"

सर्जानं खाली मान घातली आणि खिशातल्या चुंबळी बकुळाला परत दिल्या. गाडी पलीकडे गेली, तशी ओढ्याच्या पाण्यावर गुलबक्षी झळाळी पसरली. तिच्या मधोमध परी उभी होती.

बकुळा अडखळत म्हणाली, "उजवीकडे तुझी जादू नव्हती."

"नव्हतीच," परी म्हणाली. "तिथं फक्त तुझे हात होते."

मग ती झळाळी वाढत गेली, पाणी सोन्याचं झालं, दगड माणकांचे झाले, बकुळाच्या फाटक्या बाह्यासुद्धा चमचमल्या. आणि एका लखलखाटात परी दिसेनाशी झाली.

त्या सकाळी हौसानं दोन खेपा केल्या, आणि बकुळाही ओढा ओलांडून डेअरीत पोचली. दुसऱ्या खेपेला यमुनाताई बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या आणि त्यांनी चिखलानं माखलेलं गोणपाट चिमटीत धरून पाहिलं. पडलीस वाटतं, असं त्यांनी विचारलं. 

"पडले," हौसा ताठ मानेनं म्हणाली. "आणि उठून आले. दूध मोजून घ्या, थेंब कमी असला तर काम देऊ नका."

यमुनाताईंनी दूध मोजलं. मग त्यांनी डेअरीत जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की उद्यापासून वाडीचं दूध हौसा आणणार. आणि या चुंबळी कुणी वळल्या, म्हणून विचारलं. डेअरीचे आणखी चार शिकाऊ गाडीवाले होते, त्यांना हव्या होत्या.

हौसानं बकुळाला खांद्याला धरून पुढे केलं. "ही माझी लेक. हिनं वळल्या."

सगळे बकुळाकडे बघत होते. तिनं परकराऐवजी आज जुनाच झगा घातला होता, पायाला चिखल होता, तरी ती काही आईच्या मागे लपली नाही.