शिंप्याचा काळा गल्ला

गळ्याशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. त्या शिंप्याच्या दुकानात मी स्वतः बसलेलो आहे. म्हणजे दुकान मी पाहिलेलं नाही, आणि गोष्ट माझ्या जन्माच्या शंभर वर्षं आधीची आहे. पण तेवढ्यानं ती खोटी ठरत नाही.

तर, एका गावात एक शिंपी होता. त्याला वेणू नावाची एकुलती एक मुलगी. कुणी माप द्यायला आलं की सात वर्षांची वेणू त्याचं मनगट चाचपायची आणि विचारायची, "बाबा, ह्याच्या आत काय असतं?"

"आतलं वैद्याला कळतं," शिंपी म्हणायचा. "मी आपला बाहेरबाहेरचा माणूस."

"मग मी वैद्य होणार."

वैद्यकीचं महाविद्यालय घाटापलीकडच्या शहरात होतं. अठराव्या वर्षापासून तिथे प्रवेश मिळे आणि पहिल्याच दिवशी सगळी फी भरावी लागे. वेणू हे बोलली त्याच दिवशी शिंपी कुंभारवाड्यात गेला. तिथे एक म्हातारी मातीचे गल्ले करायची.

"मावशी, एक मोठा गल्ला द्या. पोरीच्या शिक्षणासाठी पाहिजे."

"शिक्षणासाठी? मग तो वेगळा." म्हातारीनं मागच्या अंधारातून काळा, फुगीर पोटाचा गल्ला काढला. "टाकत जा. दिवस भरले की फोड. पण फटीतून काही बाहेर काढू नको हं, शिंपीदादा. ह्याच्या फटीतून नुसतं नाणं येत नाही."

"मग काय येतं?"

"ऊन चढलं, जा आता," म्हातारी म्हणाली.

शिंप्यानं गल्ला फळीवर ठेवला आणि पहिलं नाणं टाकलं. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गल्ल्याच्या आत कुणीतरी घसा खाकरला. मग एका लहान मुलीचा आवाज बाराखडी म्हणू लागला.

शिंप्यानं वळून पाहिलं. वेणू कापडाच्या ढिगावर झोपली होती. तोंड मिटलेलं.

आठवडाभर तो फळीकडे पाठ करून बसला. मग सवय झाली. एक सदरा शिवला की एक नाणं, असं चालू राहिलं, आणि आतला आवाज वाढत गेला. बाराखडीवरून पाढ्यांवर आला, पाढ्यांवरून श्लोकांवर. वेणू पंधरा वर्षांची झाली तेव्हा आत एक शांत, जाणती बाई हाताच्या हाडांची नावं सांगत होती. शिंपी बाही बेतायचा, आणि बाहीच्या आत काय असतं ते त्याला वरून ऐकू यायचं. त्याला बरं वाटायचं.

एक दिवस एक फेरीवाला चांदीच्या मुठीची कात्री घेऊन आला.

"दाखव बघू," शिंपी म्हणाला.

"बघून काय करता? ही शहरातल्या कारागिरांसाठी. खेड्यात फाटकं शिवायला साधी कात्री पुरते."

शिंप्याला ते लागलं. फेरीवाल्याला थांबवून त्यानं गल्ला उलटा केला आणि फटीत दाभण घातलं. "उसने घेतोय हं, पोरी," तो पुटपुटला. "दिवाळीला टाकतो."

आतून आवाज आला, "घ्या ना, बाबा."

दुसऱ्या दुपारी आतली बाई मनगटापर्यंत आली. "मनगटात हाडं आठ. पहिलं... पहिलं..." पुढे नुसता श्वास. त्याच वेळी वेणूनं पुस्तकातून मान वर केली. "बाबा, मनगटाची हाडं मला काल पाठ होती."

खंडेनवमीला त्या घरी कात्री, सुया आणि यंत्राच्या जोडीनं गल्ल्यालाही हळदकुंकू वाहत, आणि वेणू तो कानाशी धरून हलवायची. हलका गल्ला तिच्या लक्षात येणार. म्हणून शिंप्यानं आत मूठभर गुंड्या टाकल्या. वाजायला काय, गुंडीही वाजते.

वेणूनं हलवला. "भरत आला की हो, बाबा."

त्यानंतर शिंप्याचा हात मोकळाच झाला. जत्रेला भरजरी फेटा घेतला. गावजेवण घातलं. दर वेळी दाभण आत जाई, नाणी बाहेर येत आणि मूठभर गुंड्या आत पडत. गल्ला जड होत गेला. आवाज मात्र लहान लहान होत बिगरीत जाऊन बसला. एका दुपारी तो म्हणाला, "बे एके गुंडी. बे दुणे गुंडी." मग थांबला आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, माझं तोंड कुणी शिवलं?"

शिंप्यानं वेणूकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. तिचे ओठ हलत नव्हते. डोळे त्याच्यावर होते.

अठरावं वर्ष लागलं. घाटापलीकडे जाणारी बैलगाडी दारात उभी राहिली.

"फोडा, बाबा," वेणू म्हणाली.

शिंप्यानं फोडला. जमीनभर गुंड्या पसरल्या. प्रत्येकीला दोन भोकं, आणि सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. खापऱ्यांतून कसलाही आवाज आला नाही. गाडीवाल्यानं थोडी वाट पाहिली आणि गाडी हाकली.

वेणूनं खाली बसून गुंड्या वेचल्या. लहान एकीकडे, मोठ्या एकीकडे.

शिंप्याचे डोळे उघडले. त्यानं कात्री विकली, फेटा विकला, दाभण विहिरीत टाकलं. म्हातारीकडून नवा गल्ला आणला आणि तीन वर्षं त्याला बोट लावलं नाही. एकविसाव्या वर्षी वेणू घाट चढून गेली आणि वैद्य होऊन आली. बापाचं मनगट धरून तिनं आठही हाडं नावानिशी सांगितली.

तात्पर्य: मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेलं आपलं राहत नाही, ते त्यांचं उद्याचं वय असतं; त्यातून उसनं घेतलं तर ते वय गुंड्यांनी भरून येत नाही.

आता ह्यातलं रचलेलं किती, तेही सांगून टाकतो. गल्ला बोलायचा, ते खरं. शेवटी कात्री विकली आणि वेणू घाट चढून गेली, तेवढं मी पदरचं घातलं. समोर पोरं बसली होती, त्यांची तोंडं बघवेनात. वेणू त्याच दुकानात गुंड्या लावत राहिली. बाहीचं माप घेताना मनगटाशी आली की थांबायची, ओठ हलवायची, आणि मग टेप गुंडाळून ठेवायची.