झुबकीला पंगत मिळेना

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. अस्वलमावशीने मला बजावलं होतं, "उलथन्याचं कुणाला सांगू नकोस हं!" मी नुसती मान हलवली. तोंडाने हो म्हटलं नाही. म्हणून सांगते. पण हळूच. कान इकडे करा.

एक होती खार. तिचं नाव झुबकी. झुबकी रोज शाळेत जायची. तुरुतुरु, तुरुतुरु.

शाळा होती जांभळाखाली. दुपारी सगळे गोल करून जेवायला बसायचे. अस्वलमावशी साबुदाण्याची खिचडी वाढायची. पांढरी पांढरी, गरम गरम. वर दाण्याचं कूट, मूठभर.

एक दिवस काय झालं? झुबकीने खिचडी खाल्ली. एकच घास.

टम्म! ओठ फुगले.
टम्म! कान फुगले.
टम्म! शेपूट फुगलं.

झुबकीला श्वास घेता येईना. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र! सगळे घाबरले. सुतारपक्षी डॉक्टर उडत आले. त्यांनी चोचीने औषध टोचलं. टुच्च!

झुबकी हळूहळू बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "हिला दाण्याचं वावडं आहे. दाणा नाही. कूट नाही. कुटाचा कणसुद्धा नाही!"

बगळेसर एका पायावर उभे होते. ते म्हणाले, "मग झुबकी, तू वारुळामागे बसून जेव. एकटी."

झुबकीची पंगतीतली जागा गेली. दुसऱ्या दिवशी ती वारुळामागे बसली. तिथे एक दगड होता. झुबकी दगडाला म्हणाली, "पेरू घेतोस?" दगड काही बोलला नाही.

पलीकडे सगळे खिचडीची वाट बघत हसत होते. खी खी खी! झुबकीने पेरू खाली ठेवला.

ती उठली. तुरुतुरु, तुरुतुरु. सरांकडे गेली.

"बगळेसर, बगळेसर, मला पंगतीत बसवा!"

सर म्हणाले, "बसवीन की! पण तो ससा बघ. जेवताना उड्या मारतो. त्याचं कूट इकडे उडतं, तिकडे उडतं. ससा कूट सोडेल, तर तुला बसवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी सशाकडे गेली.

"ससोबा, ससोबा, कूट सोड!"
"का गं?"
"सर मला बसवेनात.
मला पंगतीत जागा मिळेना!"

ससा म्हणाला, "सोडेन की! पण नुसता साबुदाणा? शी! दाताला चिकटतो. मावशी खोबरं घालेल, तर कूट सोडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी अस्वलमावशीकडे गेली.

"मावशी, मावशी, खिचडीत खोबरं घाल!"
"का गं?"
"ससा कूट सोडेना.
सर मला बसवेनात.
मला पंगतीत जागा मिळेना!"

मावशी म्हणाली, "काय बाई नखरे आजकालच्या पोरांचे! चिमूटभर कुटाने काय होतंय?"
झुबकी म्हणाली, "टम्म होतं."
मावशीला ते टम्म आठवलं. तिने कुटाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "घालीन गं बाई! पण खोबरं कुठंय? नारळ पडेल, तर घालीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी माडाखाली गेली.

"नारळदादा, नारळदादा, खाली पड!"
"का गं?"
"मावशी खोबरं घालेना.
ससा कूट सोडेना.
सर मला बसवेनात.
मला पंगतीत जागा मिळेना!"

नारळ म्हणाला, "पडेन की! पण इथे वारा काय छान लागतो! आपणहून कोण पडतं? माकड वर चढेल, मला हलवेल, तर पडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी माकडाकडे गेली. माकड लोळत होतं.

"माकडभाऊ, माकडभाऊ, माडावर चढ!"
"का गं?"
"नारळ खाली पडेना.
मावशी खोबरं घालेना.
ससा कूट सोडेना.
सर मला बसवेनात.
मला पंगतीत जागा मिळेना!"

माकड म्हणालं, "चढेन की! पण मला ना, कुणी चावल्याशिवाय चढताच येत नाही."
"असं कसं?"
"असंच आहे बुवा. मुंगी चावेल, तर चढेन." आणि ते पुन्हा लोळलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. झुबकी मुंगीकडे गेली.

"मुंगीताई, मुंगीताई, माकडाला चाव!"
"का गं?"
"माकड माडावर चढेना.
नारळ खाली पडेना.
मावशी खोबरं घालेना.
ससा कूट सोडेना.
सर मला बसवेनात.
मला पंगतीत जागा मिळेना!"

मुंगी म्हणाली, "पण तुझी जागा गेली कशी?"
"मला दाण्याचं वावडं आहे."
"अगं, मग आधी नाही का सांगायचं! मला हळदीचं वावडं आहे. हळद दिसली की मी उलटी पळते. सगळे हसतात. हसू देत! कुठंय ते माकड?"

मुंगी निघाली. लगबग, लगबग.

मुंगी माकडाला चावली. कडक्!
माकड माडावर चढलं. सरसर सरसर!
नारळ खाली पडला. धप्प!
मावशीने खोबरं खवलं. खरर्र खरर्र! नारळ म्हणाला, "हळू गं, गुदगुल्या होतात!"
मावशीने खिचडीत कुटाऐवजी खोबरं घातलं. उलथन्याने हलवली. खुळुक खुळुक!
ससा म्हणाला, "काय वास सुटलाय! मी कूट सोडलं!"
बगळेसर म्हणाले, "झुबकी, ये! तुझी जागा घे."

झुबकी बसली. पान पुढ्यात आलं. खिचडीतून वाफ येत होती. झुबकीला भूक लागली होती. खूप, खूप भूक.

पण तिने पाहिलं. उलथन्याला काहीतरी चिकटलं होतं. एवढंसं, लालसर, पातळ.

दाण्याचं साल!

झुबकी ओरडली, "थांबाऽऽऽ!"

एवढीशी खार, पण माडाच्या झावळ्या हलल्या.

"मावशी, या उलथन्याने सकाळी काय हलवलंस?"
"काय हलवणार? दाणे भाजले की!" असं म्हणून मावशीने जीभ चावली.

ससा म्हणाला, "एवढंसं तर साल आहे! काढ आणि खा ना!"
माकड म्हणालं, "मला भूक लागलीय!"
सगळे झुबकीकडे बघत होते. झुबकीचे कान लाल झाले. तिला वाटलं, खाऊन टाकावं. मग तिला ते घुर्र घुर्र आठवलं.

ती म्हणाली, "नाही. मी नाही खाणार."

मग बगळेसरांनी दुसरा पाय खाली टेकवला. सर दोन पायांवर कधीच उभे राहत नाहीत. ते म्हणाले, "झुबकीचं बरोबर आहे. पुन्हा खिचडी करा. तोवर कुणीच जेवायचं नाही. मीसुद्धा."

ती खिचडी ओढ्यापलीकडच्या म्हशीला दिली. म्हैस म्हणाली, "हं."

मावशीने उलथनं घासलं. खसाखसा, खसाखसा! कढई घासली. पानं बदलली. सगळ्यांनी पंजे धुतले. खळखळ खळखळ! तोंडं धुतली. बुळबुळ फुर्र! सरांनी एक पाय धुतला.
झुबकी म्हणाली, "सर, दुसरा!"
सरांनी दुसरा धुतला.

नारळाची एक वाटी उरली होती. खरर्र खरर्र! "पुन्हा गुदगुल्या!" नारळ हसला. नवी खिचडी झाली. खुळुक खुळुक!

झुबकी मध्ये बसली. एका बाजूला ससा. दुसऱ्या बाजूला माकड. झुबकीने पहिला घास घेतला.

सगळ्यांनी श्वास रोखला.

ओठ? नाही फुगले.
कान? नाही फुगले.
शेपूट? नाही फुगलं.

"मावशी," झुबकी म्हणाली, "अजून वाढ!"

मग ससा इतका उडाला, इतका उडाला, की त्याची खिचडी सरांच्या डोक्यावर पडली. सगळे हसले. खी खी खी! झुबकी सगळ्यात मोठ्याने हसली. आणि तिच्या झुबकेदार शेपटीवर बसून कोण जेवत होतं, माहितीये? ती एवढीशी, चिमुकली, हळदीला घाबरणारी—

"शाल्मली! ए शाल्मली! पानं घेतलीत, चल लवकर!"

आले गं, आई!