हात सोडायच्या आधी

काजूचा धंदा चालतो हातांवर, आणि वेंगुर्ल्याकडच्या एका कारखान्यात बिया फोडून फोडून शेवंती गावकरचे हात चिकाने पार सोलून निघाले होते. हातमोजे मागून बायका थकल्या. मॅनेजर नाटेकर म्हणायचे, "बघू."

अशात कारखान्याचा माल घेणाऱ्या परदेशी मोठ्या बाई दुभाष्याला घेऊन पाहणीला आल्या. नाटेकरांनी आधीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, "बाई हात पुढे करतील, 'हाउ आर यू' म्हणतील. तुम्ही 'फाइन, थँक्यू' म्हणून हात सोडायचा. ते लोक नुसतं विचारतात, उत्तर ऐकत नाहीत. इंग्रजी रीतच आहे ती."

रांग भराभर सरकली. बाईंनी शेवंतीचा हात हातात घेतला. "हाउ आर यू?"

शेवंती हात सोडेना.

"अगो, सोड तो हात!" नाटेकर खेकसले.

"सोडू कसो, सायबानू? बाईंनी माझी विचारपूस केली. उत्तर आयकल्याशिवाय जाण्याइतके ते उद्धट आसत, असा मी कसा समजू? तुम्हीच त्यांका तसा सांगा, मगे सोडतंय."

दुभाष्याने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आता पाहुणीला उद्धट म्हणायची नाटेकरांची काय बिशाद? बाईंनी तो तळवा वर करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "सांगा. मी ऐकतेय."

असं थांबून शेवंतीला कुणी कधी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांचं सांगायचं तर सुरुवात कुठून करावी, तेच तिला सापडेना. शेवटी एवढंच निघालं,

"नातवाक हात लावलंय की तो रडता."