वर्षभर उघडी राहिलेली गोधडी

"या तिघांतलं कुठलं मधे लावू, तेवढं सांगा खाला. आत्ता इथं बसून शिवून टाकते."

नसीम पुण्याची. कॉलेजात शिकवते. बोलण्यात तसा तोरा होताच. तीन कापडं तिनं जैतूनबीच्या ओट्यावर मांडली, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. एक मोझांबिकचं, एक टांझानियाचं, एक इथिओपियाचं. पोस्टानं मागवलेली.

जैतूनबी सुईत दोरा ओवत होती. तिनं वर बघितलं नाही.

हा कर्नाटकातल्या हलियाळकडच्या रानातला सिद्दी लोकांचा वाडा. हे लोक मूळचे आफ्रिकेतले. जहाजात कोंबून यांच्या पूर्वजांना गोव्यात आणलं, विकलं. जे पळाले ते इकडं जंगलात शिरले. कुठल्या गावचे तुम्ही, हे विकणाऱ्यानंही विचारलं नाही आणि घेणाऱ्यानंही नाही.

यांच्या बाया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. कवंदी म्हणतात. वाटेल तिथून सुरुवात करत नाहीत. कडेनं धरायचं, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, मधे पोचायचं. तिथं तांदळाचे चार दाणे ठेवून वर शेवटचं ठिगळ. दाणे नाही ठेवले तर गोधडी उपाशी राहते म्हणतात.

नसीमचा बाप याच वाड्यातला; हे सगळं ती जैतूनबीकडंच शिकली. हात चांगला होता पोरीचा, उगाच नाही म्हणणार. पण तिची गोधडी मधेच अडली. मेलेल्या बापाचे सगळे सदरे, सगळ्या लुंग्या लावून झाल्या आणि मधली बशीएवढी जागा वर्षभर उघडीच. मी फिरून चिंध्या विकतो; पोतं टाकायला गेलो होतो, तेव्हा हे चाललेलं. ऐकलं ते लिहितो.

"वर्षभर उपाशी ठेवलीस," जैतूनबी म्हणाली.

"मला चुकीचं काही लावायचं नाहीये. गोव्याला जहाजं कुठून यायची ते सगळं वाचलंय मी. तीन जागा निघतात. लाळेची तपासणीसुद्धा करून घेतली."

"थुंकीची?"

"हो. त्यावरून मूळ कळतं माणसाचं."

"माझ्या थुंकीतून तंबाखूच निघायची."

"हसू नका हो खाला!" पोरगी चिडली. "अब्बा शेवटी काय म्हणत होते ठाऊक आहे ना? घरी ने. मी म्हटलं, अब्बा, घरीच आहात. नाही म्हणाले. मग गाडी करून इथं वाड्यावर आणलं. आपलं जुनं घर दाखवलं. ते म्हणाले, हे नव्हे… घरी ने. तिसऱ्या दिवशी गेले. कुठं न्यायचं होतं मी त्यांना? ते कळल्याशिवाय मधे काहीतरी चिकटवून टाकू?"

जैतूनबीनं एक कापड पिशवीतून काढलं. नाकाला लावलं.

"कोणी नेसलं होतं हे?"

"नवीन आहे."

"मग?"

…

"दस्तगीर शेवटी निजायचा कशावर?" जैतूनबीनं विचारलं. दस्तगीर म्हणजे नसीमचा बाप.

"गादीवर. चांगली कापसाची, नवी करून घेतली होती."

"अंगावर?"

"ब्लँकेट."

"आणि त्याच्या आईची कवंदी? पुण्याला गेला तेव्हा खांद्यावर टाकून गेला होता. सामान म्हणून तेवढंच होतं त्याच्याकडं."

नसीम एका पिशवीची घडी घालू लागली.

"कुठाय?"

"जुनी झाली होती खाला. वास यायचा. घरात चार माणसं येतात जातात…"

"कुठाय म्हटलं."

"भांडीवाल्या बाईला दिली."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही." नसीम गोधडीतल्या बापाच्या सदऱ्याच्या ठिगळाकडं बघत राहिली. "दोनदा विचारलं त्यांनी, कुठं गेली म्हणून. मी म्हटलं, धुवायला दिलीय."

…

ओट्याखाली कोंबड्या उकरत होत्या. मला उठून जावंसं वाटलं. उठलो नाही.

"म्हणजे तीच मागत होते अब्बा?"

"मला काय ठाऊक? त्याला विचारायचं होतंस."

"ती बाई काम सोडून गेली. कुठं राहते तेही माहीत नाही मला…"



नसीमनं तिन्ही कापडं पिशव्यांत घातली. एकाची पिशवी फाटली, तरी तशीच कोंबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आता काय लावू मधे? माझ्याकडं त्यांचं काहीच उरलं नाही."

म्हातारीनं गोधडी स्वतःच्या मांडीवर ओढली. आपला उजवा हात त्या उघड्या जागेवर पालथा ठेवला. काळाभोर, सुकलेला हात. सुई धरून धरून बोटं वाकडी झालेली.

"शीव," ती म्हणाली.

"हात काढा ना."

"शीव."

"हातावर कसं शिवणार खाला?"

"मग थांब."

नसीम थांबली. सुई हातात तशीच. मोठी शिकलेली बाई, पण त्या घडीला तिला काय करावं ते कळेना.

…

मग ती वाकली आणि त्या हातावर गाल टेकून पडून राहिली. खांदे हलत होते. जैतूनबी तिच्याकडं नाही, समोर रानाकडं बघत होती. हात काढला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ऊब लागतेय?"

पोरीनं पडल्या पडल्याच मान हलवली.

"मग हेच मधलं ठिगळ. गाठ मार."