समोरच्याची टोपी

फार पूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाला काठी-ढालीच्या खेळाचा भारी नाद. खेळताना डोक्याला जाड कापसाची कानटोपी घालायची, मागून मानही झाकेल अशी. आणि रीत अशी, की आपली टोपी आपण शिवायची नाही. ती समोरच्या गड्याच्या घरून शिवून यायची. ही रीत कुणी काढली देव जाणे, पण माणूस शहाणा असला पाहिजे.

त्या गावात एक नावाजलेला गडी होता. तीन वर्षं मानाचा फेटा त्याच्याकडेच. यंदा मात्र कुंभाराचा थोरला पोरगा एकेकाला हरवत शेवटच्या डावापर्यंत आला, आणि फेटा हातचा जातोय की काय, असं आपल्या गड्याला वाटू लागलं.

शेवटच्या डावाच्या आदल्या दिवशी सकाळी त्याची बायको अंगणात कुंभाराच्या पोराची टोपी शिवत होती. गडी हळूच म्हणाला, "मानेला एवढा कापूस कशाला? थोडा काढ. वरून काय कळतंय?"

"कुणाला कळणार नाही," बायको म्हणाली. "पण काठी तुमच्याच हातात असणार. नको तिथं बसली, तर त्याच्या आईला तोंड कोण दाखवणार? मी नाही जायची."

गडी चिडला. तरातरा ओढ्यापर्यंत गेला. पण कुंभारीण काही डोळ्यांपुढून हलेना. परत आला तो घरात शिरला, स्वतःची उशी आणून उसवली आणि म्हणाला, "घे. चांगला दाबून भर." शेवटी स्वतःच भरायला बसला.

दुसऱ्या दिवशी डाव रंगात आला आणि गड्याची काठी ढालीवरून घसरून थेट पोराच्या मानेवर बसली. पोरगा खालीच बसला. गडी काठी टाकून त्याच्याकडे धावला. पंचांनी पोराला हलू दिलं नाही. आधी हातापायांची बोटं हलवायला लावली. सगळी हलली. थोड्या वेळानं तो आपला आपण उठला.

मानेवर फटका मारला की डाव गेला, हा नियम. फेटा पोराला मिळाला.

पोरगा गड्याच्या बायकोजवळ आला. "वहिनी, टोपी लई दाबून भरलीत. नुसतं झिणझिणलं बघा."

"मी नाही रे. यांनी भरली."

घरी गडी दोन भाकऱ्या जास्तच जेवला. बायकोनं विचारलं, "फेटा गेला की हो. वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पण पोरगं आपल्या पायानं घरी गेलं ना? वाढ अजून."

तात्पर्य एवढंच: ज्याच्याशी खेळायचं, त्याची मान आधी जपावी, हारजीत मग बघता येते.